दोन वर्षे बरोबर, आठ आठवडे चूक: ब्रातियानु आणि रोमानियाचा १९१६चा युद्धप्रवेश

१७ ऑगस्ट १९१६ रोजी बुखारेस्टमध्ये विंतिला ब्रातियानु यांच्या घरी दोन दस्तऐवजांवर सह्या झाल्या. एक राजकीय करार, दुसरा लष्करी. रोमानियाच्या बाजूने सही करणारे होते विंतिलांचे थोरले भाऊ, पंतप्रधान योन ब्रातियानु, ज्यांना सारा देश योनेल म्हणे. समोर चार राजदूत: फ्रान्सचे सेंत-ओलेर, ब्रिटनचे बार्कले, इटलीचे फाश्चोत्ती आणि रशियाचे पोक्लेव्स्की-कोझिएल. ट्रान्सिल्वेनिया, बनात, बुकोविना हे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यातले प्रदेश... ब्रातियानुंनी दोन वर्षे जे जे मागितले होते, ते सगळे त्या कागदांवर उतरले होते.

एकशे अकरा दिवसांनी, ६ डिसेंबरला, बुखारेस्ट जर्मनांच्या हाती पडले. १९१९मध्ये पॅरिसला दोस्त राष्ट्रांनी तोच करार रद्द झाल्याचे सांगितले. आणि तरीही युद्ध संपल्यावर रोमानिया दुपटीहून मोठा झाला.

या प्रकरणावर ब्रातियानुंवर दोन उलटसुलट आरोप नेहमी होतात. एक, ते फार थांबले. दुसरा, तयारी नसताना त्यांनी उडी घेतली. आमच्या मते दोन्ही आरोपांत वेळेची गल्लत आहे. ऑगस्ट १९१४ ते जून १९१६ हा थांबण्याचा काळ योग्यच होता. घोळ झाला तो त्यानंतरच्या साधारण आठ आठवड्यांत, आणि तो अज्ञानातून नव्हे, लेखी हमीच्या हव्यासातून झाला.

(रोमानियात १९१९पर्यंत जुने ज्युलियन कॅलेंडर चालू होते, त्यामुळे तिथल्या जुन्या कागदपत्रांत प्रत्येक तारीख तेरा दिवस मागे दिसते. इथे सगळीकडे नवी तारीख दिली आहे.)

घराणे आणि १८७८ची जखम

योनेल ब्रातियानुंचा जन्म १८६४चा, आर्जेश जिल्ह्यातल्या फ्लोरिका या वाडीवरचा. वडील योन सी. ब्रातियानु हे लिबरल पक्षाचे आधारस्तंभ आणि १८७६ ते १८८८ या बहुतेक काळात पंतप्रधान. मुलगा पॅरिसला एकोल पॉलिटेक्निकमध्ये शिकला, परत येऊन आंगेल सालिन्यी या नामांकित पूलबांधणीकाराच्या हाताखाली रेल्वे अभियंता म्हणून रुजू झाला. १८९५ला संसदेत, १८९७ला सार्वजनिक बांधकाम मंत्री, १९०७मध्ये शेतकऱ्यांचा उठाव चिरडला गेला तेव्हा गृहमंत्री, १९०९मध्ये पहिल्यांदा पंतप्रधान. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ते वाचले. एकूण पाच वेळा ते पंतप्रधान झाले आणि २४ नोव्हेंबर १९२७ रोजी घशाच्या विकाराने गेले, तेही पदावर असतानाच.

त्या काळच्या रोमानियात पंतप्रधान कसा होई, हे ठाऊक नसेल तर पुढचे नीट उमगत नाही. राजा आधी पंतप्रधान नेमी. मग संसद बरखास्त होई, नवे सरकार निवडणूक घेई आणि जवळपास नेहमी तेच जिंकत असे. मतदार मालमत्तेनुसार वेगवेगळ्या गटांत विभागलेले. सामान्य शेतकऱ्याच्या मताला जवळजवळ वजनच नाही. म्हणजे खरी चावी राजवाड्यात. आणि राजवाड्यात ब्रातियानुंचे मेहुणे बार्बु श्तिरबेय होते, राणी मारियाच्या अत्यंत विश्वासातले. बार्बुंची बहीण एलिसा ही ब्रातियानुंची पत्नी. गंमत अशी की एलिसाबाईंचे आधीचे पती होते आलेक्झांद्रु मार्गिलोमान, जर्मनीकडे कल असलेले कॉन्झर्व्हेटिव्ह पुढारी. पुढे १९१८मध्ये पराभवाच्या तहावर सही करण्याची वेळ याच मार्गिलोमानांवर आली.

घराण्याकडून योनेल यांना पक्ष मिळाला, ओळखी मिळाल्या, आणि एक जुनी जखमही मिळाली. १८७७मध्ये रशिया-तुर्कस्तान युद्धात वडिलांच्या सरकारने रशियन सैन्याला वाट दिली. रोमानियाच्या प्रदेशाला धक्का लावणार नाही, अशी लेखी हमी रशियाने दिली होती. प्लेव्हनाच्या वेढ्यात रोमानियन सैनिक रशियनांच्या खांद्याला खांदा लावून लढले. वर्षभरात रशियाने दक्षिण बेसाराबिया काढून घेतला. बर्लिनच्या परिषदेत रोमानियाचे म्हणणे ऐकून घेतले गेले, पण निर्णयात त्याला स्थान नव्हते. उलट स्वातंत्र्याला मान्यता देताना धर्मभेद न करता नागरी हक्क देण्याची अट वरून लादली गेली. मुलाने यातून घेतलेला धडा असा: रशियाचा शब्द एकट्याने घ्यायचा नाही, चारही सत्तांची सही हवी, आणि तहाच्या मेजावर बरोबरीची खुर्ची आधीच लिहून घ्यायची. १९१६च्या वाटाघाटींतला प्रत्येक अडून बसलेला मुद्दा या धड्याशी जाऊन मिळतो.

सिनायाची बैठक

१९१४मध्ये रोमानिया कागदोपत्री ऑस्ट्रिया-हंगेरी आणि जर्मनीचा मित्र होता. १८८३चा तो तह राजा कारोल पहिला याने जवळजवळ स्वतःच्या तिजोरीत ठेवला होता. संसदेपुढे तो कधी आलाच नाही. मोजक्या मंत्र्यांनाच त्याची माहिती असे. १९१३मध्ये त्याचे नूतनीकरणही झाले होते. अडचण अशी की हंगेरीच्या ताब्यातल्या ट्रान्सिल्वेनियात निम्म्याहून अधिक वस्ती रोमानियन होती. ज्याच्या ताब्यात आपली माणसे, त्याच्याच बाजूने लढायचे, हे लोकांच्या गळी उतरवणे कोणालाही शक्य नव्हते.

३ ऑगस्ट १९१४ रोजी सिनायाच्या पेलेश किल्ल्यात राजपरिषद भरली. होहेनझोलर्न या जर्मन घराण्यातला वृद्ध राजा तह पाळण्याच्या बाजूने होता. त्याला साथ दिली ती एकट्या पेत्रे कार्प या जुन्या कॉन्झर्व्हेटिव्ह पुढाऱ्याने. ब्रातियानुंनी भावनेला हात घातला नाही. त्यांनी तहाचेच कलम पुढे केले: तह बचावाचा आहे, ऑस्ट्रियाने सर्बियावर स्वतः हल्ला केला आहे आणि आपल्याला आधी विचारलेले नाही, म्हणून बांधिलकी लागू होत नाही. बैठक चालू असतानाच इटली तटस्थ राहणार असल्याची बातमी आली आणि प्रश्न मिटला. कारोल ऑक्टोबरात वारला. पुतण्या फर्डिनांड गादीवर आला. राणी मारिया ही व्हिक्टोरिया राणीची नात. पारडे कुठे झुकणार ते उघड होते, पण ब्रातियानुंनी ते झुकू दिले नाही.

उलट्या चालणाऱ्या दोन किमती

१ ऑक्टोबर १९१४ रोजी रशियाचे परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह यांच्याशी गुप्त समझोता झाला. रोमानियाने फक्त मैत्रीपूर्ण तटस्थता पाळायची. बदल्यात ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या रोमानियन वस्तीच्या प्रदेशांवरचा हक्क रशियाला मान्य. एकही गोळी न झाडता मिळालेली ही कबुली आमच्या मते ब्रातियानुंच्या साऱ्या कारकिर्दीतला सर्वांत स्वस्त सौदा.

पुढचा सौदा मात्र जमेना. १९१५च्या वसंतात ब्रातियानुंनी नेमक्या सीमा मागितल्या: पश्चिमेला तिसा नदी, बनात संपूर्ण, बुकोविनात प्रुत नदीपर्यंत. रशिया तेव्हा ऑस्ट्रियाच्या गॅलिसिया प्रांतात जोरात होता. त्याला बनातमध्ये सर्बियाचा वाटा हवा होता आणि उत्तर बुकोविनातली स्लाव वस्ती स्वतःकडे हवी होती, म्हणून त्याने नकार दिला. मे महिन्यात गोर्लित्से-तार्नुव्ह इथे जर्मनांनी रशियन आघाडी फोडली आणि रशियाची शेकडो किलोमीटर माघार सुरू झाली. आता साझोनोव्ह अटी मानायला तयार झाले. पण हरणाऱ्या रशियाच्या सहीला काय किंमत?

म्हणजे रशिया जिंकत असताना अटी मिळत नाहीत, आणि अटी मिळतात तेव्हा त्या पाळून घेण्याचे बळ रशियात नसते. लहान देशाने मोठ्याशी केलेल्या सौद्यातला हा अडकित्ता आहे. ब्रातियानु तो ओळखून होते, म्हणून १९१५मध्ये त्यांनी हात आखडला. इटलीने त्या मे महिन्यात उडी घेतली तरी ते हलले नाहीत. ऑक्टोबरात बल्गेरिया जर्मनीच्या बाजूने उतरला आणि सर्बिया चिरडला गेला. त्या क्षणी रोमानिया युद्धात असता तर त्याचीही तीच गत झाली असती. या दोन वर्षांच्या थांबण्याला नावे ठेवणाऱ्यांनी १९१५चा नकाशा समोर ठेवावा.

या काळात रोमानियाने धान्य आणि तेल दोन्हीकडे विकले, बहुतेक जर्मनी-ऑस्ट्रियाला. १९१६च्या आरंभी ब्रिटनने धान्याचा मोठा साठा नुसता शत्रूला मिळू नये म्हणून विकत घेतला आणि तिथल्याच गोदामांत ठेवला.

पण बल्गेरिया उतरल्यामुळे एक कायमचा पेच पडला. रोमानियाच्या रायफली ऑस्ट्रियातल्या श्टायर कारखान्याच्या मानलिखर, तोफा जर्मनीच्या क्रुपच्या. म्हणजे ज्यांच्याशी लढायचे तेच दारूगोळ्याचे पुरवठादार. देशातले उत्पादन नगण्य. आता पश्चिम आणि दक्षिण दोन्ही वाटा बंद. फ्रान्सचा माल यायचा तर अर्खांगेल्स्कसारख्या दूरच्या बंदरांतून रशियाभर फिरून. त्यात रशियन रेल्वेचा गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, १,५२४ मिलिमीटर आणि रोमानियाचा १,४३५. सीमेवर प्रत्येक वाघीण रिकामी करून दुसरीत भरायची. युद्धमंत्रिपद १९१४पासून ब्रातियानुंकडेच होते, त्यामुळे हा हिशोब त्यांना कोणी समजावण्याची गरज नव्हती.

आठ आठवडे

४ जून १९१६ रोजी रशियन जनरल ब्रुसिलोव्हने ऑस्ट्रियाची आघाडी फोडली. १८ जूनला बुकोविनाची राजधानी चेर्नोव्हित्स रशियाच्या हाती. व्हेर्दुनला फ्रान्सचा जीव मेटाकुटीला आलेला, १ जुलैला सोमची लढाई सुरू. पहिल्यांदाच अडकित्त्याच्या दोन्ही पात्या उघड्या होत्या: रशिया जिंकत होता, आणि पश्चिमेच्या रेट्यामुळे अटीही द्यायला तयार होता. रशियाचा सरसेनापती-कार्यालयप्रमुख अलेक्सेयेव्ह आता या नाहीतर नका, अशा भाषेत बोलत होता. ट्रान्सिल्वेनियात ऑस्ट्रियाचे सैन्य नावापुरते उरले होते.

जुलै आणि अर्धा ऑगस्ट कलमांवर गेला. भांडण मुख्यतः चार गोष्टींवर होते. फ्रान्स आणि रशियाला रोमानियाने दक्षिणेला बल्गेरियावर चालून जावे असे वाटे. ब्रातियानुंना उत्तरेला ट्रान्सिल्वेनियातच जायचे होते आणि बल्गेरियाशी शक्यतो युद्धच नको होते. डॅन्यूब नदी आणि काळा समुद्र यांच्यामधल्या दोब्रुजाच्या बचावासाठी मोठे रशियन सैन्य हवे होते. रशिया आकडा कमी करत गेला. ग्रीसमधल्या सालोनिका बंदरात तळ ठोकलेल्या दोस्त सैन्याने आधी हल्ला करून बल्गेरियाला गुंतवावे, अशी अट होती. आणि चौथी, तहाच्या परिषदेत मोठ्या राष्ट्रांच्या बरोबरीचे स्थान.

शेवटी लष्करी करारात ठरले ते असे: रोमानिया २८ ऑगस्टपर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीवर हल्ला करेल, सालोनिकाचा हल्ला त्याच्या आठ दिवस आधी सुरू होईल, रशिया दोब्रुजात दोन पायदळ आणि एक घोडदळ डिव्हिजन पाठवेल, दारूगोळा आणि साहित्य रशियातून रोज किमान ३०० टन येत राहील. राजकीय करारात सीमा तिसापर्यंत, संपूर्ण बनात, प्रुतपर्यंत बुकोविना, एकट्याने तह न करण्याचे परस्पर बंधन आणि परिषदेत बरोबरीचे हक्क.

कागद म्हणून दस्तऐवज उत्तम. आता त्यातले एकेक कलम प्रत्यक्षात काय किमतीचे होते ते पाहा.

बरोबरीच्या हक्काचे कलम सहीआधीच पोकळ झाले होते. काही दिवस आधी फ्रान्स आणि रशियाने आपसांत गुप्तपणे ठरवले की परिस्थिती जमेल तितकेच रोमानियाला द्यायचे आणि शेवटचा निर्णय मोठ्यांनीच घ्यायचा.

सालोनिकाची अट ज्या दिवशी सही झाली त्याच दिवशी मेली. १७ ऑगस्टलाच बल्गेरियाने फ्लोरिनाच्या बाजूने स्वतः हल्ला चढवला आणि दोस्तांचा जनरल सारेल बचावात अडकला.

दोब्रुजात रशियन तुकडी आली खरी, पण दोन पायदळ डिव्हिजनपैकी एक होती सर्ब स्वयंसेवकांची, म्हणजे रशियाने पकडलेल्या ऑस्ट्रो-हंगेरियन कैद्यांतून उभी केलेली. सेनापती झायोन्चकोव्स्की या नेमणुकीवर नाखूश. दोन डिव्हिजनचा शब्द मात्र अक्षरशः पाळला गेला होता!

रोज ३०० टन म्हणजे दहा टनी तीस वाघिणी. एका गाडीचा माल. पण ही गाडी रोज, न चुकता, हजारो किलोमीटर स्वतःच युद्धात पिळलेल्या रेल्वेवरून यायला हवी होती, आणि सीमेवर उतरवून घ्यायला हवी होती. ती तशी आली नाही. कलम लिहिताना आकडा मागितला गेला; मार्ग, वाघिणी आणि उतरवण्याची क्षमता कोणाच्या जबाबदारीची, हे कोणी बांधून घेतले नाही. एका रेल्वे अभियंत्याच्या हातून हे सुटावे, याचे आश्चर्य वाटते.

आणि मधल्या काळात ब्रुसिलोव्हची धार गेली. जर्मन राखीव फौजा पोहोचल्या, रशियन आघाडी थंडावली. लेखी अटी जसजशा पक्क्या होत गेल्या तसतशी त्यांच्यामागची लष्करी संधी झिरपत गेली. जुलैच्या आरंभी कच्च्या करारावर उतरले असते तर विजय नक्की होता, असे आम्ही म्हणत नाही. दारूगोळ्याचा प्रश्न तेव्हाही होताच. पण ट्रान्सिल्वेनियातली रिकामी आघाडी आणि धावते रशियन सैन्य, या दोन्ही गोष्टी ऑगस्टअखेर विकत मिळण्यासारख्या नव्हत्या.

रणात

२७ ऑगस्टला कोत्रोचेनच्या राजवाड्यात राजपरिषद झाली. या वेळी ती विचारण्यासाठी नव्हती, सांगण्यासाठी होती. कार्प यांनी आपल्याच सैन्याचा पराभव व्हावा अशी इच्छा उघड बोलून दाखवली. फर्डिनांडने स्वतःच्या जर्मन घराण्याविरुद्ध निर्णय दिला. त्याच रात्री ऑस्ट्रिया-हंगेरीशी युद्ध जाहीर झाले. जर्मनीने दुसऱ्या दिवशी, तुर्कस्तानने ३० ऑगस्टला आणि बल्गेरियाने १ सप्टेंबरला रोमानियाशी युद्ध पुकारले. बल्गेरिया कदाचित बाहेर राहील, ही ब्रातियानुंची आशा पाच दिवस टिकली. बर्लिनमध्ये मात्र या बातमीने खळबळ माजली. रोमानिया एवढ्यात उतरणार नाही असे धरून चाललेल्या फाल्केनहाइनची सरसेनापतिपदावरून उचलबांगडी झाली. सूड उगवायला त्याला फार थांबावे लागले नाही: ट्रान्सिल्वेनियातली जर्मन नववी आर्मी त्याच्याकडेच देण्यात आली.

रोमानियाने सव्वाआठ लाखांहून अधिक माणसे उभी केली. आराखड्याचे नाव 'झेड'. सुमारे तीन चतुर्थांश सैन्य तीन आर्म्यांत कार्पेथियन ओलांडून ट्रान्सिल्वेनियात, उरलेले सैन्य, 'तिसरी आर्मी' या नावाचे, डॅन्यूब आणि दोब्रुजा सांभाळायला. कल्पना वाईट नव्हती. कार्पेथियनचे वळण धनुष्यासारखे; त्याच्या बाहेरून सीमा राखायची तर लांबी प्रचंड. आत घुसून मुरेश नदीपर्यंत गेले की आघाडी निम्म्याने आखूड होते. पण धनुष्याच्या आतल्या बाजूचे रेल्वेजाळे शत्रूकडे. तो फौजा एका खिंडीकडून दुसरीकडे वेगाने हलवू शके. रोमानियाला तेच काम डोंगराला बाहेरून वळसा घालून करावे लागे. म्हणून सगळा डाव वेगावर होता, आणि वेगच नव्हता. समोर थोडेच शत्रुसैन्य असताना तुकड्या खिंडींतून पावलापावलाने उतरल्या. ब्राशोव दोन दिवसांत घेतले, पण पुढे गती मंदावत गेली.

तेवढ्यात दक्षिणेला घाव बसला. डॅन्यूबवरचे तुर्तुकाया हे ठाणे रोमानियाने १९१३मध्ये दुसऱ्या बाल्कन युद्धात बल्गेरियाकडून घेतलेल्या दक्षिण दोब्रुजातले. बल्गेरियाच्या जिव्हारी लागलेला तो प्रदेश. जर्मन सेनापती माकेन्झेनच्या हाताखालच्या बल्गेरियन-जर्मन फौजेने २ सप्टेंबरला हल्ला सुरू केला आणि ६ तारखेला ठाणे पडले. पाठीशी नदी, नदीवर पूल नाही, कुमक होडी-बार्जमधून तुकड्यातुकड्यांनी येणारी. आलेली प्रत्येक पलटण जुळणी होण्याआधीच लढाईत लोटली गेली. सुमारे २८,००० सैनिक कैद झाले.

हा धक्का बुखारेस्टला सोसला नाही. सप्टेंबरच्या मध्यावर ट्रान्सिल्वेनियातली आगेकूच थांबवून डिव्हिजन दक्षिणेला आणायचे ठरले. हीच दुसरी मोठी चूक, आणि ती लष्कराची. उत्तरेत विजयाच्या उंबरठ्यावर थांबायचे आणि दक्षिणेत नवी मोहीम काढायची. धड एकही तडीस गेली नाही. जनरल आवेरेस्कु यांनी १ ऑक्टोबरला फ्लमिंदाजवळ तराफ्यांचा पूल टाकून माकेन्झेनच्या पिछाडीला डॅन्यूब ओलांडायला सुरुवात केली. वादळ आणि ऑस्ट्रियाच्या नदीवरच्या तोफनौकांनी पूल मोडला. त्याच सुमारास फाल्केनहाइनने ट्रान्सिल्वेनियातले सिबियु जिंकून ब्राशोवकडे मोर्चा वळवला होता. ५ ऑक्टोबरला मोहीम सोडून द्यावी लागली. २२ ऑक्टोबरला कॉन्स्टान्त्सा बंदर गेले, तीन दिवसांनी चेर्नावोदा. नोव्हेंबरात जर्मन जिउ नदीच्या खोऱ्यातून सपाटीवर उतरले, २३ तारखेला माकेन्झेनने झिम्निचाजवळ डॅन्यूब पार केली. दोन्ही बाजूंनी आवळत आलेल्या फौजांपुढे राजधानी राखता आली नाही.

प्लोयेश्टच्या तेलविहिरी आणि शुद्धीकरण कारखाने ब्रिटिश अधिकारी नॉर्टन-ग्रिफिथ्सने पद्धतशीर नासवले: विहिरींत लोखंडी भंगार टाकून, टाक्या पेटवून. सरकार ईशान्येला मोल्दाविआ प्रांतातल्या याश शहरात हलले. राष्ट्रीय बँकेचे सोने दोन खेपांत मॉस्कोला पाठवले गेले, एकूण सुमारे ९१ टन. सोव्हिएत संघाने पुढे १९३५ आणि १९५६मध्ये काही पुराणवस्तू आणि कलाकृती परत केल्या. सोने आजवर परत आलेले नाही.

याशमधली दोन वर्षे

१९१७चा हिवाळा टायफसचा. निर्वासित आणि सैनिकांनी फुगलेल्या मोल्दाविआत रोगाने लढाईइतकीच माणसे नेली, असे वाटावे इतकी दैना. फ्रेंच जनरल बेर्तेलो यांच्या मंडळाने सैन्य नव्याने बांधले, आणि करारातला माल आता कुठे, सहा-आठ महिने उशिरा, पोहोचू लागला. एप्रिलमध्ये राजाने आघाडीवर सैनिकांना जमीन आणि मताधिकाराचे वचन दिले. ब्रातियानुंनी हाच कार्यक्रम १९१४ला मांडला होता आणि युद्धासाठी बाजूला ठेवला होता. शेजारी रशियन सैनिक क्रांतीचे झेंडे नाचवत असताना तो पुन्हा काढणे भाग होते. त्या उन्हाळ्यात मरश्ती, मरशेश्ती आणि ओयतुझ इथे रोमानियन सैन्य टिकून राहिले. १९१६चेच सैनिक, पण हातात पुरेशा रायफली, मशीनगन, गोळे. फरक कशाचा होता ते दिसते.

मग रशिया कोसळला. एकट्याने तह करायचा नाही, असे १९१६चे कलम सांगत होते. चहूबाजूंनी वेढलेल्या देशाला दुसरा मार्ग नव्हता. फोक्शानला डिसेंबरात युद्धविराम झाला आणि फेब्रुवारी १९१८च्या सुरुवातीला ब्रातियानुंनी राजीनामा दिला. पळपुटेपणाचा आरोप झाला. राजकारण म्हणून मात्र ही चाल अचूक होती: तहावर १९१६च्या करारावरची सही असलेल्या माणसाची सही नको. ७ मे १९१८चा बुखारेस्ट तह मार्गिलोमान सरकारने केला. दोब्रुजा गेला, कार्पेथियनच्या खिंडी गेल्या, तेल नव्वद वर्षांच्या पट्ट्याने जर्मनीला. संसदेने मंजुरी दिली, पण फर्डिनांडने शेवटपर्यंत शिक्कामोर्तब केले नाही. १० नोव्हेंबरला, पश्चिम आघाडीवर युद्ध थांबण्याच्या आदल्या दिवशी, रोमानिया पुन्हा युद्धात उतरला. १ डिसेंबरला आल्बा युलियाच्या सभेने ट्रान्सिल्वेनियाच्या विलीनीकरणाचा ठराव केला. दोनच आठवड्यांत ब्रातियानु पुन्हा पंतप्रधान.

पॅरिस: कागद विरुद्ध जमीन

३१ जानेवारी १९१९ रोजी ब्रातियानु पॅरिसच्या परिषदेपुढे उभे राहिले आणि १९१६चा करार मेजावर ठेवला. उत्तर मिळाले की एकट्याने तह केल्यामुळे तो रद्द झाला. त्यांचा प्रतिवाद दुहेरी होता: राजाने तो तह मान्यच केलेला नाही, आणि कराराचा पहिला भंग रोमानियाने नव्हे, रशियाने केला. कायद्याच्या दृष्टीने बाजू लंगडी नव्हती. पण अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन गुप्त करार मानत नव्हते, अमेरिकेची त्यावर सही नव्हती, आणि फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो ब्रातियानुंच्या ताठ बोलण्याला वैतागले होते. बरोबरीचे हक्क तर दूरच. रोमानिया 'मर्यादित हितसंबंध' असलेल्या देशांत मोजला गेला आणि सीमा तज्ज्ञांच्या समितीकडे गेल्या.

शेवटी पदरात काय पडले ते १९१६च्या कागदाशी ताडून पाहण्यासारखे आहे. बनातचा साधारण दोन तृतीयांश भाग मिळाला, पश्चिमेचा सर्बांच्या नव्या राज्याला गेला. सीमा तिसापर्यंत नेली नाही, बरीच अलीकडे थांबली. बुकोविना मात्र प्रुतच्या पलीकडचाही मिळाला. आणि बेसाराबिया, जो १९१६मध्ये मागण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तो मित्र रशियाचा होता, तोही आला. क्षेत्रफळ सुमारे १,३७,००० चौरस किलोमीटरवरून २,९५,००० झाले. म्हणजे कागदाने हमी दिलेल्या ठिकाणी काटछाट, आणि कागदाबाहेर दोन साम्राज्ये मोडल्यामुळे घसघशीत लाभ. तरीही आम्ही करार निरुपयोगी मानत नाही: ट्रान्सिल्वेनियावरचा दावा चार मोठ्या सत्तांनी एकदा लेखी मान्य केला होता, हे नाकारणे पॅरिसमध्ये कोणालाच सोपे गेले नाही.

हंगेरीच्या बाबतीत ब्रातियानुंनी शिकलेला धडा उलटा वापरला. परिषद ठरवत असताना सैन्य पुढे जात राहिले. हंगेरीतल्या कम्युनिस्ट सरकारचा नेता बेला कुन याच्या जुलैमधल्या हल्ल्यानंतर रोमानियन फौजा तिसा ओलांडून ४ ऑगस्टला बुडापेस्टमध्ये शिरल्या. एंजिने, वाघिणी, यंत्रसामग्री उचलून नेली. दोस्त राष्ट्रांनी खलित्यावर खलिते पाठवले. आधी जमीन, मग कागद, असा हा क्रम १९१६च्या बरोबर विरुद्ध, आणि तो जास्त चालला.

ब्रातियानु अखेर मोडले ते अल्पसंख्याकांच्या करारावर. मोठ्या राष्ट्रांना रोमानियाकडून वंश आणि धर्माच्या अल्पसंख्याकांना समान हक्कांची आंतरराष्ट्रीय हमी हवी होती. ब्रातियानुंना त्यात १८७८चे बर्लिन दिसले. या हमीला बांधलेला ऑस्ट्रियाशी तह त्यांनी नाकारला, सप्टेंबर १९१९मध्ये राजीनामा दिला आणि ९ डिसेंबरला वाइदा-वोयेवोद सरकारने निमूट सही केली. त्यांचा आक्षेप हक्कांवर कमी आणि बाहेरच्या देखरेखीवर जास्त होता, असे म्हणायला आधार आहे. १९१८-१९मध्ये ज्यूंना नागरिकत्व देणारे पहिले हुकूम त्यांच्याच सरकारने काढले होते, आणि १९२२मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाल्यावर मार्च १९२३च्या राज्यघटनेत धर्म, वंश आणि भाषेच्या भेदाशिवाय समानता, तसेच ज्यूंच्या नागरिकत्वाचे कलम १३३, त्यांच्याच बहुमताने घातले.